आणखी ४१ रुपयांचा खाऊ

घरखर्चातील मोठ्या रकमांकडे सर्वांचे लक्ष असते. घराचा हप्ता, मुलांच्या शाळेचे शुल्क, विम्याचा भरणा, दवाखान्याचे बिल यांवर घरात बोलणे होते, दोन मते पडतात, कधी निर्णय दुसऱ्या दिवसावर जातो. लहान रकमांच्या वाट्याला एवढा मान येत नाही. त्या येतात तशा निघून जातात. अलीकडे मात्र एक लहान रक्कम शहरातील घराघरांत दर दोन-तीन दिवसांनी नेमाने हजेरी लावू लागली आहे, आणि तिच्याविषयी सहसा कोणी चकार शब्द काढत नाही. किराण्याच्या ॲपवर सामान निवडून होते, पैसे भरण्याची वेळ येते, आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटते : आणखी ४१ रुपयांची खरेदी करा आणि घरपोच सेवा मोफत मिळवा. त्या ओळीखाली चॉकलेट, बिस्किटे, वेफर्स, आइस्क्रीम यांची चित्रे रांगेने उभी असतात. बोट एका चित्रावर टेकते, उणीव भरून निघते, आणि ‘तुम्ही २५ रुपये वाचवले’ असे अभिनंदन वाचून फोन बाजूला ठेवला जातो.

पुण्यात बिबवेवाडी परिसरात राहणाऱ्या एका गृहिणीने या ओळीचा हिशेब एका चातुर्मासात मांडून पाहिला. ती एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचे तिला भय नाही. घरात पती, तिसरीत शिकणारा मुलगा आणि सासरे अशी चार माणसे. सासऱ्यांना घरात सारे अण्णा म्हणतात. सांगलीच्या गणपती पेठेत त्यांनी चाळीस वर्षे किराण्याचे दुकान चालविले. दोन वर्षांपूर्वी दुकान आवरून ते मुलाकडे राहावयास आले. दुकान सुटले, तरी वस्तू हातात आली की तिचे वजन अजमावण्याची त्यांची सवय सुटलेली नाही.

या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते. शाळेतून परतल्यावर साडेचारच्या सुमारास भाजी चिरावयास घ्यावी, तेव्हा दही संपले आहे किंवा टोमॅटो दोनच उरले आहेत असे लक्षात यावे, हे नित्याचेच. बाजारात जाऊन येण्याइतका अवधी नसतो. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत सामान दाराशी आणून देणारे ॲप हा मोठा आधार वाटतो, आणि तो आधार खोटा नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीची संध्याकाळ या सोयीने पुष्कळ हलकी केली आहे. म्हणूनच त्या ४१ रुपयांची चौकशी सोयीला नावे ठेवून करणे योग्य होणार नाही. ती हिशेबानेच केली पाहिजे.

हिशेब असा. सामान २५८ रुपयांचे झाले. २९९ रुपयांपर्यंत घरपोच शुल्क २५ रुपये, त्यापुढे शुल्क नाही. काहीच न वाढविता ऑर्डर दिली, तर २८३ रुपये जातात. ४५ रुपयांचे चॉकलेट घातले, तर ३०३ रुपये जातात. म्हणजे पडदा २५ रुपये वाचल्याचे सांगत असताना घरातून प्रत्यक्षात २० रुपये अधिक बाहेर पडतात. त्या बदल्यात चॉकलेट घरात येते. ते चॉकलेट त्या दिवशी खरोखरच हवे होते, तर ४५ रुपयांची वस्तू २० रुपयांत पडली, आणि सौदा उत्तम झाला. ते नको होते, तर २० रुपये व्यर्थ गेले. वस्तू तीच, पैसे तेवढेच. नफा की तोटा, हे त्या वस्तूची गरज आधी होती की ओळ वाचल्यावर निर्माण झाली, एवढ्यावर ठरते.

कधी कधी गणित ग्राहकाच्या बाजूनेही पडते. ४६५ रुपयांचे सामान आहे आणि ४९९ रुपयांवर ५० रुपयांची सूट देणारे कूपन आहे, असे समजू. ३५ रुपयांचा बिस्किटांचा पुडा घातला की रक्कम ५०० होते, सूट वजा जाता ४५० उरतात. येथे पुडा घेऊनही १५ रुपये कमी जातात. अशी संधी नाकारण्यात काही शहाणपण नाही. प्रत्येक वेळी ओळ फसवतेच असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. तुलना कशाशी करावयाची, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. पडदा नेहमी वाढलेल्या रकमेवरील सवलत दाखवितो. घराने आपली आजची देय रक्कम ओळ दिसण्यापूर्वीच्या रकमेशी ताडून पाहावी. हे एक वजाबाकीचे काम आहे, आणि ते करावयास अर्धा मिनिट पुरतो. अडचण इतकीच की, तो अर्धा मिनिट कढईतील फोडणी करपू लागलेली असताना काढावयाचा असतो.

ही मर्यादा दुकानदार का घालतो, हे अण्णांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. माणूस दारापर्यंत पाठविण्याचा खर्च पिशवी १५० रुपयांची असो की ४०० रुपयांची, जवळजवळ सारखाच येतो. पिशवी लहान असेल, तर त्या खर्चातच नफा बुडतो. म्हणून ग्राहकाने थोडे अधिक घ्यावे, असे दुकानाला वाटणारच. मर्यादा कोठे ठेवावी, यात खरे कसब असते. ती सामान्य ग्राहकाच्या नेहमीच्या खरेदीच्या किंचित वर असावी लागते. फार दूर असेल, तर माणूस नाद सोडतो. हाताच्या अंतरावर असेल, तर हात पुढे होतो. ॲमेझॉनने अमेरिकेत २००२ च्या आरंभी ९९ डॉलरच्या पुढील खरेदीवर मोफत पाठवणीची कायमची योजना सुरू केली, आणि त्याच वर्षात ती मर्यादा २५ डॉलरपर्यंत खाली आणली. ती रेषा कोठे ओढली असता किती ग्राहक तिच्यापर्यंत येतात, हे तेव्हापासून ऑनलाइन व्यापाराचे नेहमीचे गणित होऊन बसले आहे.

रेषा दिसली की मन तिच्याकडे का धावते, याचा अभ्यास विद्वानांनीही केला आहे. योगायोग असा की, त्यातील एक प्रसिद्ध प्रयोग चॉकलेटवरच झाला. क्रिस्टिना शांपानिए, नीना मझार आणि डॅन एरिएली यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांपुढे दोन चॉकलेटे ठेवली होती. एक उंची, किंमत १५ सेंट. दुसरे साधे, किंमत १ सेंट. घेणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट पसंत केले. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरविली. उंची १४ सेंटला आणि साधे फुकट. दोहोंतील अंतर पूर्वीइतकेच राहिले होते, तरी पारडे फिरले, आणि सुमारे ६९ टक्के लोक साध्या चॉकलेटकडे वळले. शून्य ही इतर किमतींसारखी एक किंमत नाही, हे त्यातून दिसले. ‘मोफत’ हा शब्द ऐकला की तुलना करण्याची बुद्धी काही क्षण बाजूला उभी राहते. २५ रुपयांचे शुल्क टाळण्यासाठी ४५ रुपये सहज खर्ची पडतात, ते याच कारणाने.

दुसरी ओढ जवळ आलेल्या टोकाची. रॅन किवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॉफीच्या दुकानातील शिक्क्यांच्या कार्डांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दहा कॉफी घेतल्या की एक फुकट, अशी ती योजना होती. फुकटची कॉफी जसजशी जवळ येई, तसतसे ग्राहक लवकर लवकर दुकानात येऊ लागत. काहींना बारा घरांचे कार्ड देऊन त्यातील दोन घरांवर आधीच शिक्के मारून दिले होते. त्यांनाही प्रत्यक्षात दहाच कॉफी घ्यावयाच्या होत्या, पण त्यांनी कार्ड अधिक वेगाने भरले. काम सुरू झाले आहे आणि थोडेच उरले आहे, ही भावना पावलांना गती देते. ॲपवर भरत जाणारी हिरवी पट्टी हेच करते. २९९ पैकी २५८ भरले आहेत, थोडेच राहिले, आता मागे का फिरावे? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की, खरेदी करणाऱ्याला वस्तूपासून एक समाधान मिळते आणि सौदा चांगला जमला याचे दुसरे, अगदी वेगळे समाधान मिळते. दुसरे समाधान इतके गोड असते की, त्यासाठी माणूस नको असलेली वस्तूही घरी आणतो. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळाला. गणपती पेठेतील कोणत्याही दुकानदाराला मात्र ही गोष्ट पुरस्काराविनाच ठाऊक होती.

अण्णा याविषयी बोलताना स्वतःच्या व्यवसायाला वगळत नाहीत. गल्ल्याशेजारी गोळ्यांच्या काचेच्या बरण्या असत, आणि त्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर मांडलेल्या असत. सुट्टे पैसे नसले की “दोन गोळ्या घ्या” असे म्हणून त्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवल्या जात. त्याने मागितल्या नव्हत्या, तरी पैसे त्याचेच जात. जुने दुकान म्हणजे निर्मळ धर्मशाळा होती, असा अण्णांचा दावा नाही. पण त्याच दुकानात आणखी एक रीत होती. महिन्याची यादी घेऊन आलेल्या कुटुंबाचे सामान बांधून झाले की बरोबर आलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा किंवा मूठभर फुटाणे पडत. त्याची नोंद बिलात नसे. भाजीबाजारात आजही कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन हिरव्या मिरच्या, कढीपत्त्याची डहाळी अशीच पिशवीत वरून पडते.

या वरच्या कोथिंबिरीचे महत्त्व किती खोल रुजलेले आहे, हे मे २०२४ मध्ये दिसून आले. ॲपवर कोथिंबिरीचेही पैसे द्यावे लागले, म्हणून आपल्या आईला धक्काच बसला, असे मुंबईच्या एका ग्राहकाने समाजमाध्यमावर लिहिले आणि भाजीबरोबर ती फुकट द्यावी, असे सुचविले. ब्लिंकिट या कंपनीच्या प्रमुखांनी ती सूचना लगेच उचलून धरली आणि ठरावीक भाजीखरेदीवर कोथिंबीर मोफत देण्यास सुरुवात केली. बातमी सर्वत्र झळकली, लोकांना कौतुक वाटले. त्या आईला खुपले होते ते काही रुपयांचे कारण नव्हते. सौदा संपताना विकणाऱ्याने आपण होऊन काही वर घालावे, ही जी शिष्टाचाराची समज आहे, ती मोडल्याचे तिला खुपले होते.

४१ रुपयांच्या ओळीने ही समज उलटी केली आहे. पूर्वी सौद्याच्या शेवटी दुकानदार वर काही घालीत असे. आता ग्राहक स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या पिशवीत वर काही घालतो, आणि त्याबद्दल दुकान त्याचे अभिनंदन करते. खाऊ तोच राहिला, पण तो देणारा माणूस मधून नाहीसा झाला.

देणारा नाहीसा झाला म्हणजे काय झाले, हे त्या गृहिणीला श्रावणात कळले. अण्णा रोज सायंकाळी जेवण आटोपून मंदिरात जातात. परतताना वाटेवरील दुकानातून नातवासाठी काहीतरी आणण्याचा त्यांचा परिपाठ होता. राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, कधी खजुराचे पाकीट. पहिल्या वर्षी नातू जिन्यात पावले वाजली की दाराशी धावत असे. नंतर धावणे थांबले. एका रविवारी भांड्यांचे कपाट आवरताना तिला मागे एक डबा सापडला. त्यात राजगिऱ्याच्या चिक्कीची सहा पाकिटे होती, एकही न फोडलेले. तिने मुलाला विचारले. त्याने सहज सांगून टाकले, “मी आजोबांना म्हटलं, नको, फ्रिजमध्ये चॉकलेट आहे.” अण्णांनी काही म्हटले नव्हते. पाकिटे डब्यात ठेवली होती, आणि गेले पंधरा दिवस नवीन काही आणले नव्हते. घरात हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

तिने फ्रिजचा खालचा खण उघडला. चॉकलेटचे चार तुकडे, वेफर्सची दोन पाकिटे, क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे, आंबट गोळ्यांची एक डबी. गोळ्यांच्या डबीवर घटकपदार्थ वाचताना तिला जिलेटिनची शंका आली, म्हणून ती डबी आणली त्याच दिवशी बाजूला पडली होती. यांतील एकही वस्तू कोणी मागितलेली नव्हती. कोणाचा वाढदिवस नव्हता, परीक्षेचा निकाल नव्हता, पाहुणे आले नव्हते. प्रत्येक वस्तू कोणत्या तरी दिवशीच्या उणिवेतून घरात आली होती. एक ३७ रुपयांच्या, एक २२ रुपयांच्या, एक ४१ रुपयांच्या. मुलाला रोज गोड मिळत होते, आणि त्यातील एकही दिवस त्याच्या स्मरणात नव्हता.

त्या रात्री तिने ॲपवरील मागील महिन्याच्या नोंदी वहीत उतरविल्या. एकूण १४ ऑर्डरी झाल्या होत्या. त्यांपैकी ९ ऑर्डरींत शेवटी काहीतरी वाढविले होते. वाढविलेल्या वस्तूंची बेरीज ४१२ रुपये. टळलेले शुल्क नऊ वेळचे, म्हणजे २२५ रुपये. फरक १८७ रुपयांचा. वर्षाचे सुमारे सव्वादोन हजार. रक्कम घर बुडविणारी नाही. पतीने वहीवर नजर टाकून म्हटले, “एवढ्यासाठी इतकं?” त्यावर ती म्हणाली, “पैशांसाठी नाही. अण्णांनी खाऊ आणायचं थांबवलं, ते मी कोणत्या खात्यात मांडू?” पतीला ते ठाऊक नव्हते. त्याने डबा उघडून पाहिला आणि तो गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तिने अण्णांना वही दाखविली. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. वाढविलेल्या वस्तूंवर ते काही बोलले नाहीत. त्यांचे बोट वरच्या आकड्यावर थांबले. “चौदा वेळा सामान आलं? घरात माणसं चार. आमच्याकडं महिन्याला एकदाच यादी यायची. मध्ये फार तर दोनदा पोरगं धावत यायचं, मीठ नाहीतर काडेपेटी न्यायला. तू चॉकलेटचा हिशेब कर, पण आधी चौदाचा कर.” दुकानदाराची नजर नेमकी जागी पडली होती. ४१ रुपयांची उणीव ही रोगाची खूण होती. विस्कळीत, तुटक खरेदी हे तिचे मूळ होते. लहान लहान ऑर्डरी दिल्या की प्रत्येक ऑर्डर मर्यादेच्या अलीकडे पडते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी वाढवावेसे वाटते.

मग त्या घरात काही साध्या गोष्टी ठरल्या. फ्रिजच्या दारावर एक कागद लागला. जी वस्तू संपत येईल तिचे नाव ज्याच्या लक्षात येईल त्याने लिहावयाचे. डाळी, साखर, तेल, साबण हे महिन्यातून एकदा. भाजी व फळे अण्णांनी सकाळी फेरी मारताना आणावयाची, कारण ते काम त्यांना हवेच होते. ॲपवरील ऑर्डर आठवड्यातून शक्यतो एकदा. त्यात उणीव राहिली, तर यादीतील पुढच्या महिन्याची न नासणारी वस्तू अलीकडे ओढावयाची, जसे मीठ, चहा, भांड्यांचा साबण. ती वस्तू कधीतरी घ्यावयाचीच असते, त्यामुळे तिच्यामुळे वाचलेले शुल्क खरोखरच वाचते. तशी वस्तू नसेल, तर शुल्क भरावयाचे. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनाही तिने विचारले, आणि कधी कधी तिघींची मागणी एकत्र जाऊ लागली. यात नवे काही नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हीच वाट मोठ्या प्रमाणावर घालून दिली. सभासद कुटुंबांनी गट करावयाचा, महिन्याची मागणी आधी नोंदवावयाची, माल एकत्र खरेदी करून गटात वाटून घ्यावयाचा. रेषेपर्यंत पोहोचण्यासाठी एकट्याने नको ती वस्तू घेण्यापेक्षा चौघांनी हवी ती वस्तू एकत्र घेणे, हा मार्ग पन्नास वर्षे जुना आहे.

कायद्याचा येथे किती उपयोग होतो, हेही समजून घेतले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा १३ प्रकारांची नावे आहेत. ग्राहकाच्या संमतीविना कार्टमध्ये वस्तू घुसविणे, घाईचा खोटा आभास उत्पन्न करणे, खरी किंमत अगदी शेवटी उघड करणे हे त्यांत येतात. असे काही आढळल्यास तक्रार करण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. परंतु ‘आणखी ४१ रुपयांची खरेदी करा’ ही ओळ यांपैकी कशातच बसत नाही. ती काही लपवीत नाही, काही घुसवीत नाही. वस्तू ग्राहकच स्वतःच्या बोटाने निवडतो. कायदा जेथे थांबतो, तेथून पुढचे काम घराचे आहे.

आणि ते काम श्रावकाच्या घराला अपरिचित नसावे. गृहस्थाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, भोग-उपभोगाचे परिमाण आहे. एकदाच उपयोगात येणारे अन्नादि पदार्थ आणि पुनःपुन्हा वापरात येणारी वस्त्रादि साधने, दोहोंना माणसाने स्वतः सीमा घालावी, ती आधी घालावी आणि शांतपणे घालावी, असा त्याचा आशय. अण्णा चातुर्मासात पालेभाजी घेत नाहीत. भाजीबरोबर फुकट आलेली कोथिंबीर त्या चार महिन्यांत शेजारच्या घरी जाते. फुकट आहे म्हणून नियम सैल होत नाही. दुकानही एक मर्यादा घालते आणि व्रतही एक मर्यादा घालते, पण दोहोंच्या दिशा विरुद्ध आहेत. दुकानाची मर्यादा खालून असते : एवढ्याहून कमी घेऊ नका. व्रताची मर्यादा वरून असते : एवढ्याहून अधिक घेणार नाही. पहिली दुसऱ्याने आखलेली, सोयीनुसार सरकणारी. दुसरी स्वतः आखलेली. ज्या घरात दुसरी रेषा आखलेलीच नसते, तेथे पहिली रेषा हीच घराची रेषा होऊन बसते. चॉकलेट खाण्यात दोष नाही, मुलाला गोड देण्यात तर मुळीच नाही. त्याला गोड कोणी, केव्हा आणि कशासाठी द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार पडद्यावरील उणिवेकडे जाऊ नये, एवढेच.

म्हणून त्या कागदावर खाऊलाही जागा मिळाली. शेवटी आठवण झाली म्हणून नव्हे, तर मुलाच्या नावाने, शनिवारच्या ओळीत, त्याच्याच अक्षरात. पहिले दोन आठवडे त्याने पुष्कळ कुरकूर केली. फ्रिजचा खण उघडून तो रिकामा पाहून एकदा रडलाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने कागदावर एका आइस्क्रीमचे नाव लिहिले, खोडले, दुसरे लिहिले, आणि शुक्रवारी ते पुन्हा बदलले. सहा दिवस त्याच्या मनात त्या आइस्क्रीमचा विचार चालला होता. मिळण्याआधीची ही वाट पाहणेच रोजच्या चॉकलेटांनी त्याच्यापासून हिरावून घेतले होते.

अण्णांची समजूत इतक्या सहज निघाली नाही. नातवाला पुन्हा खाऊ आणा, असे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि सांगून ते जमणारेही नव्हते. दसऱ्याच्या सुमारास एके सायंकाळी ते मंदिरातून परतले, तेव्हा हातात कागदी पुडी होती. त्यांनी ती नातवाच्या हाती न देता ओट्यावर ठेवली. मुलाने ती आपण होऊन उघडली. आत फुटाणे होते. त्याने मूठ भरून तोंडात टाकली आणि विचारले, “आजोबा, तुमच्या दुकानात हेच द्यायचे?” अण्णांनी होकारार्थी मान हलविली आणि वही मागितली. घरखर्चाची वही आता तेच लिहितात. घरपोच शुल्कासाठी त्यांनी निराळा रकाना आखला आहे, आणि त्यावर शीर्षक घातले आहे ‘हमाली’. शुल्काचा प्रत्येक रुपया सामान आणणाऱ्या मुलाच्या हाती पडतोच असे नाही, हे सुनेने त्यांना सांगितले. तरी त्यांनी शब्द बदलला नाही. माल दारात आला, म्हणजे कोणीतरी तो उचलून आणला. त्याचे मोल द्यावयाचे, तर ते उघडपणे द्यावे, चॉकलेटच्या वेष्टनात दडवू नये, असे त्यांचे मत पडले. आश्विनात हमालीच्या रकान्यात दोन नोंदी आहेत, एकूण ५० रुपये.

दिवाळीपूर्वी ॲपने मोफत सेवेची मर्यादा २९९ वरून ३४९ रुपयांवर नेली. त्या आठवड्यात घरातील कागदावर ३१२ रुपयांचे सामान होते. तेवढेच मागविले गेले.